‘ऑलवेज’ शिका: घाटाखालून घाटावर

साहित्य: एक वही, एक बॉलपेन, मलकापूर ते बुलढाणा एसटीचं तिकीट. डिक्शनरी घरीच राहू द्या.

मलकापूरला खिडकी धरा. मोताळा जाईल, राजूर घाट लागेल, गाडी कण्हत वर चढेल आणि बुलढाणा येईल. ही अख्खी वाट म्हणजे ‘ऑलवेज’. थट्टा नाही. जुन्या इंग्रजीत ‘ऑल’ आणि ‘वे’ हे दोन सुटे शब्द होते, अर्थ ‘सगळी वाट’. वाटेचा हा शब्द तेव्हाच काळाला लागला, शेवटचा ‘ज’ मागाहून चिकटला. (आपल्या ‘क्वचित’ची गोष्ट तीच, संस्कृतात तो ‘कुठेतरी’सुद्धा असतो.) तेव्हा मोताळ्यालाच उतरणाऱ्यानं ‘ऑलवेज’ म्हणू नये.

आता वापर. ‘इज’ असेल तर त्याच्या नंतर: ‘जावई इज ऑलवेज लेट.’ दुसरं क्रियापद असेल तर त्याच्या आधी: ‘जावई ऑलवेज कम्स लेट.’ इथवर नुसती माहिती झाली. पण ‘जावई इज ऑलवेज आस्किंग फॉर मनी’ म्हणालात, की ते गाऱ्हाणं होतं. ‘ऑलवेज’ला ‘इंग’ची जोड मिळाली की बहुतेक वेळा त्यात वैताग शिरतो. व्याकरणाची पुस्तकं यावर पानं खर्च करतात. आपल्याला ते आयतं येतं. ‘हा सदानकदा पैसेच मागून राह्यला’ हे आजीच्या सुरात म्हणून पाहा. ‘राह्यला’ म्हणजे आपलं वऱ्हाडी ‘इंग’च. पंचाईत एवढीच की हीच सवय घेऊन पोरगं मुलाखतीला जातं, ‘आय ॲम ऑलवेज वर्किंग हार्ड’ सांगतं, आणि समोरच्याला वाटतं, बिचारा फार कावलाय.

‘ऑलवेज’ झेपत नसेल तर ‘युज्वली’ घ्या, म्हणजे ‘साधारण’. याचा पाठ जळगाव जामोद तालुक्यात, भेंडवळला. अक्षय तृतीयेला तिथं घट मांडतात आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पावसापाण्याचं, पिकांचं भाकीत सांगतात. ते खरं ठरतं का, हा विज्ञानाच्या तासाचा प्रश्न. आपण भाषा ऐकायची: अमुक महिन्यात पाऊस साधारण, तमुक पीक साधारण. ‘नेहमी’ शोधून सापडायचा नाही.

गृहपाठ: ‘ऑलवेज’ वापरून पाच वाक्यं लिहा. पाऊस आणि कापसाचा भाव हे विषय सोडून. त्यांवर लिहिलंत तर मार्क कापले जातील.