किलोच्या भावानं सर्व्हर

इटियाडोहला लोक पाणी बघायला जातात. गाढवी नदीवर १९७० साली पूर्ण झालेलं हे धरण आहेच तसं. मी मात्र तिथं जवाई म्हणून गेलो आणि हमाल होऊन परतलो.

धरणाजवळच्या गोठणगावात माझी सासुरवाडी. साळ्याला घरी सर्व्हर उभा करायचा होता आणि त्यामागचं कारण थोर होतं. धान कापून झालं की वडशाच्या नाटक कंपन्या गावोगाव निघतात. झाडीपट्टीचं नाटक रात्रभर चालतं आणि आमचे मामाजी, म्हणजे सासरे, पहिल्या रांगेत मोबाइल उंच धरून रेकॉर्डिंग करत बसतात. त्यामुळे मागच्यांना नायिका दिसत नाही आणि मोबाइलमध्ये जागा उरत नाही. मागच्यांवर इलाज कोणाकडेच नव्हता, जागेवर साळ्याकडे होता. नव्या मशीनची किंमत ऐकून मामाजी म्हणाले, "एवढ्यात दुभती म्हस येते." म्हणून जुने पार्ट शोधायचं ठरलं.

अर्जुनीला एका दुकानात रॅम मागितली, तर दुकानदारानं माझ्या हातातला मोबाइलच खोलायला घेतला. तिथून पळून आम्ही गोंदियाची पॅसेंजर पकडली. पूर्वी ही छोटी लाइन होती, आता ब्रॉडगेज झाली. रुळांमधलं अंतर वाढलं, बाकावरच्या दोन माणसांमधलं वाढलं नाही. बाराभाटीपासून साळा प्रोसेसरच्या पिढ्या समजावत होता. दुसरी स्वस्त पण म्हातारी, चौथी बरी, आठवीच्या पुढची आपल्या ऐपतीबाहेर. समोरच्या आजीबाई मन लावून ऐकत होत्या. देवलगाव आलं तेव्हा त्यांना राहवेना. "मंग सोयरीक कोण्या पिढीत जमली, बापू?"

बँका आणि मोठी ऑफिसं काही वर्षांनी सगळे कॉम्प्युटर एकदम बदलतात. जुन्यांतले धडधाकट झाडूनपुसून 'रिफर्बिश्ड' या नावानं पुन्हा दुकानात बसतात. जे लंगडे निघतात ते कबाड्याकडे. गोंदियातल्या ज्या कबाड्याकडे आम्ही पोचलो, त्याच्याकडे राइस मिलचे पट्टे, कूलरच्या जाळ्या आणि मदरबोर्ड एकाच पंगतीला होते.

"हार्डडिस्क कितनेकी?" साळ्यानं विचारलं.

"कितने किलो चाहिए?"

इथं सगळं काट्यावर. बोर्डाचा भाव वेगळा, रॅमचा त्याहून चढा, कारण रॅमच्या पट्टीच्या कडेला सोन्याचा मुलामा असतो. पट्टी चालू असो की मेलेली, सोन्याला फरक पडत नाही, म्हणून कबाड्यालाही पडत नव्हता. साळा पोत्यात हात घालून अंगठ्याच्या नखानं प्रत्येक पट्टीची खाच चाचपू लागला. डीडीआर थ्री आणि डीडीआर फोरची खाच वेगवेगळ्या जागी असते, एकीच्या घरात दुसरी बसत नाही. त्याहून पाजी असते मोठ्या सर्व्हरची रजिस्टर्ड रॅम. ती घरगुती बोर्डात ऐटीत बसते आणि चालत मात्र नाही. पोत्यातल्या सगळ्यात देखण्या पट्ट्या नेमक्या त्याच होत्या.

मग एसएमपीएसची, म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणाऱ्या डब्याची परीक्षा. साळ्यानं खिशातून बायकोची हेअरपिन काढली. २४ पिनांच्या प्लगमधली हिरवी तार शेजारच्या काळीला जोडली की हा डबा बोर्डाशिवायही सुरू होतो. पिन लावली, बटण दाबलं. पंखा घरघरला आणि त्यातून आधी धानाचा कोंडा उडाला. वास्तव्याचा याहून पक्का दाखला तहसीलदारही देत नाही. मशीन राइस मिलच्या ऑफिसातलंच होतं. कबाडी खोकत म्हणाला, "देखा? चालू माल!"

एवढं होऊन घेतला तो फुटक्या स्क्रीनचा लॅपटॉप. माझं स्पष्ट मत आहे की घरच्या सर्व्हरला याच्यासारखं दुसरं काही नाही. रिकामा बसला तर १०-१५ वॅट खातो. जुना डेस्कटॉप त्याच्या तिप्पट-चौपट. शिवाय बॅटरी अंगचीच. कबाड्याच्या टीव्हीला जोडून, पेन ड्राइव्हवरून लिनक्स चढवून साळ्यानं आतल्या डिस्कची कुंडली काढली. ३८ हजार तास चाललेली, म्हणजे अखंड ४ वर्षांच्या वर.

"भाऊजी, हिची नौकरी झाली. पेन्शनीत टाका."

डिस्क तेवढी नवी घेतली. बाकी काही मेलं तर पैसे जातात, डिस्क मेली तर नाटकं जातात.

परतीच्या एसटीत पोतं माझ्या मांडीवर होतं. "सुट्या पार्टांची सोय" म्हणून साळ्यानं दोन एसएमपीएस आणि रॅमची ओंजळ वर घेतली होती. शेजारी गोठणगावच्या तिबेटी वसाहतीतले आजोबा होते. ही वसाहत १९७२ पासूनची, तेव्हा त्यांची मराठी आमच्याइतकीच अस्सल. हिवाळ्यात शहरोशहरी स्वेटर विकणाऱ्याच्या आपुलकीनं त्यांनी पोतं चाचपलं. "दुकान कुठं लावता जी?"

रात्री सर्व्हर सुरू झाला. मामाजींनी पहिला प्रश्न विजेच्या बिलाचा विचारला, दुसरा नाटकाचा. तिसऱ्या अंकात खलनायक दारात उभा राहिला आणि गावातली लाइट गेली. लॅपटॉप बॅटरीवर शांतपणे चालू राहिला. रूटर मात्र मेला. सर्व्हर जागा होता, त्याला विचारायला कोणी नव्हतं.

"आता रूटरले बॅटरी पाह्यजे," अंधारातून साळ्याचा आवाज आला. "सोमवारी जाऊ ना गोंदियाले, भाऊजी?"

माझी रजा रविवारीच संपत होती, हे मी त्याला मोठ्या आनंदानं सांगितलं.