जरा मागून दाखव

नानांना फूल समोरून दाखवून काही उपयोग नसतो. भाईंदर पश्चिमेच्या आमच्या सोसायटीत कुणी मोबाइलवर पिवळं फूल घेऊन गेलं, की चष्मा कपाळावर चढवून ते म्हणतात, "छान. आता जरा मागून दाखव." सूर्यफुलाच्या कुळात खरी ओळख पाठीकडच्या हिरव्या छदांवरून पटते, हे त्यांचं ठाम मत. शिवाय, "हे एक फूल नाहीच, सोसायटी आहे! कडेला मिरवणारे वेगळे, आत मुकाट काम करणारे वेगळे." हे ते नेमकं सेक्रेटरींसमोर म्हणतात.

नाना रेल्वेतून निवृत्त झालेले. हा नाद कुठून लागला विचारलं, की थिओडोर कुक आलेच. मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवर जाडजूड ग्रंथ लिहिणारे (१९०१ ते १९०८) हे साहेब मुळात इंजिनिअर. वसईच्या लोखंडी रेल्वेपुलाचं काम त्यांच्या देखरेखीखाली झालं, मग ते पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजचे प्राचार्य झाले. म्हणजे नानांच्या लेखी आपल्याच खात्याचा माणूस! आजचे पूल नंतरचे, हे ठाऊक असूनही लोकल नायगावच्या दिशेने खाडीवर आली, की नाना हात जोडतात. समोरचा प्रवासी बिचारा देऊळ शोधत राहतो.

तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी एकदा बागेतून पिवळा माका म्हणून पाला खुडला आणि केसांच्या तेलाला कढई चढवली. नाना वास घेत वर. "वहिनी, गॅस बंद करा! पानाला तीन खंड दिसतात ना? ही सिंगापूर डेझी. माळ्याने शोभेला लावलीय." वहिनींनी गॅस बंद केला, पण नानांना चहा मिळाला नाही.

गणपतीत तर त्यांना बाजारात एकटं पाठवायची सोय नाही. पत्रीच्या जुडीतून एक काडी उपसून ते विचारतात, "मावशी, माका म्हणून एकदांडी घातलीत?" मावशी दुर्वा मोजता मोजता म्हणते, "देवानं अजून एकही जुडी परत आणून दिली नाही, दादा."

नानांचा भाचा फिनिक्सला असतो. वसंतात त्याने वाळवंटातल्या पिवळ्या झुडपाचा फोटो पाठवला, खाली लिहिलं, 'सुंदर ना?' नाना रात्रभर पुस्तकं उलटत बसले. "एन्सेलिया आहे रे! पण कोणती? व्हर्जिनेन्सिस असेल तर एका देठावर एकच फूल, फॅरिनोसा असेल तर फांद्या फुटलेला झुबका. पानं किती पांढरी? त्या लवेनं ऊन परतवतं ते. जितका दुष्काळ, तितकं पांढरं!"

"मामा, मी गाडी चालवत होतो."

"मग रविवारी जा."

गेला बिचारा, बायकोमुलांना घेऊन. पाठ, देठ, लव, सगळ्याचे फोटो आले. झुबका होता, पानं राखेसारखी होती. फॅरिनोसाच. भाच्याने सुटकेचा श्वास टाकला, तो आम्हाला स्पीकरवर ऐकू आला.

"शाब्बास," नाना म्हणाले. "पण या जाती आपसांत सहज संकर करतात. शेजारचं झुडूप बघितलंस?"