गलाईवाल्या काकू खाण बघून आल्या

अहो, ऐकलंत का? गलाईवाल्या काकू आल्या ऑस्ट्रेलियाहून! जरा अलीकडं या, त्यांची खिडकी कायम उघडी असते.

लेक पर्थला. त्यानं आईबापांना गाडीत घातलं आणि निघाला कॅलगुर्लीला, सोन्याची खाण दाखवायला. 600 किलोमीटर! वाटेत मैलोन्‌मैल गाव नाही, माणूस नाही, लाल माती आणि खुरटी झुडपं. काका म्हणे, "एवढं तिकीट काढून आपलं माडग्याळचं रानच दाखवायला आणलंस होय?" सून जी गप्प बसली, ती थेट खाण येईपर्यंत. त्यात ते रोड ट्रेन म्हणतात ना, एका ट्रकमागं दोन-तीन ट्रेलर, ते शेजारनं गेलं की काकू दानम्मादेवीचं नाव घ्यायच्या...

तर काय सांगत होते, खाण. साडेतीन किलोमीटर लांब नुसता खड्डा. काकांचा जन्म गेला केरळात, भट्टीपुढं मुशीत सोनं गाळण्यात. त्यांना वाटलं, काहीतरी पिवळं चमकेल. कुठलं काय, सगळा दगड! लेक म्हणाला, "बाबा, टनभर दगडात दोन-तीन ग्रॅम निघालं तरी खूप." काकांचा चेहरा असा पडला! म्हणे, "त्यापेक्षा सोनाराच्या दुकानातला केर गाळलेला परवडला." खरंच आहे की, आपल्याकडची माणसं तो केर विकत घेतात.

पण काकूंचं भलतंच. त्यांनी बघितला तो रस्त्याकडेचा पाइप! तिथं सोनं सापडलं 1893 ला, पण प्यायला थेंब नाही. मग पर्थजवळच्या धरणातनं 500 किलोमीटरच्या वर पाइप टाकला, आठ ठिकाणी पंप बसवले, आणि 1903 ला पाणी पोचलं. तो ओकॉनर इंजिनिअर, पेपरवाल्यांनी त्याला इतकं टोचलं, की पाणी यायच्या आदल्या वर्षी बिचाऱ्यानं जीव दिला.

आणि हे सांगावं कुठं? भर हळदीकुंकवात! वर म्हणाल्या, "1903 ला, बरं का! आणि आमचं म्हैसाळ योजनेचं पाणी...?" समोर कोण बसलेलं? पुढारीणबाई! हातातली तिळाची वडी हातातच राहिली. म्हणाल्या, "तिकडं सोनं होतं, म्हणून गेलं पाणी." झालं! उमदीकडच्या त्या जाऊबाई, कानडी मिसळून बोलतात त्या, पटकन म्हणाल्या, "सोनं कशाला? 2022 ला कर्नाटकच्या तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांनी, बोम्मईंनी, आपल्या जतची 40 गावं मागितली, तवा कशी पटापट घोषणा झाली विस्तारित म्हैसाळ योजनेची!" अहो, हसू दाबता दाबता माझं वाण सांडलं. पुढारीणबाई अत्तर न लावताच उठल्या.

मला विचाराल तर काकू बोलल्या ते बरंच केलं. टँकरची वाट बघत घागरी मांडून बसायचं आपणच की...

आज संध्याकाळी पाइपचे फोटो दाखवणारेत, लॅपटॉपवर. या तुम्ही. पण मी सांगितलं म्हणू नका हं!