दादा, सिंहाला शिफ्ट नसते

प्रिटोरिया,
2 सप्टेंबर 2025

ती. स्व. दादा आणि वहिनीस,


आज गौरींचं विसर्जन, म्हणजे वहिनीला आत्ता कुठे पाठ टेकायला मिळाली असेल. तिने हे पत्र निवांत लोळत वाचावं. दादा, तू मात्र उभ्यानेच वाच, कारण तुला कामाला लावायचं आहे.

तुझी एक्सेल फाइल पोचली. ‘आफ्रिका फायनल, रिव्हिजन 4’. ह्यांनी ती जेवणाच्या टेबलावर उघडली आणि बराच वेळ कुणी बोललंच नाही. अकरा दिवसांत दक्षिण आफ्रिका, बोत्सवाना आणि नामिबिया. प्रत्येक दिवसाला वेगळा रंग. सिंहापुढे ‘टार्गेट 6, किमान 4’, बिबट्यापुढे ‘2’, गेंड्यापुढे ‘क्रिटिकल’ असा शेरा, आणि ‘जबाबदार व्यक्ती’ या रकान्यात वरपासून खालपर्यंत माझं नाव. भोसरीच्या शेडमधून इतकी वर्षं तू एकही डिस्पॅच चुकवला नाहीस, हे सगळ्या खानदानाला पाठ आहे. पण सिंह तुझा व्हेंडर नाही रे. त्याला डेबिट नोट लावता येत नाही.

इथे आल्यापासून आम्ही गाडी काढून जंगलात जातोय, आणि दर खेपेला आमचा बेत आधीच्यापेक्षा लहान होत गेलाय. नवखा माणूस अख्खी आफ्रिका उरकायला निघतो. मुरलेला माणूस एका पाणवठ्यावर थर्मास घेऊन बसतो. तू पहिल्याच खेपेला मुरलेला होऊन यावंस अशी माझी इच्छा आहे. म्हणून रिव्हिजन 5 मी करतेय.

सगळ्यात आधी नामिबिया काढला. रागावू नकोस. एतोशाच्या ओकाउकुएयो कॅम्पवर रात्री दिवे लावलेला पाणवठा आहे. तिथे बाकावर बसून गेंडे, हत्ती पाणी प्यायला येताना बघायचे, ते सुख मोठंच. पण विंडहूकहून तिथवर चारशेच्या वर किलोमीटर, आणि त्या देशातले बरेचसे रस्ते खडीचे. बोत्सवानाही काढला. चोबे आणि मोरेमीच्या वाळूत फोर बाय फोर लागते, टायरमधली हवा कमी करावी लागते, ती परत भरायला कॉम्प्रेसर बरोबर बाळगावा लागतो. शिवाय वाटेत जनावरांच्या रोगराईसाठी घातलेली कुंपणं आहेत. तिथे गाडी थांबवून कच्चं मटण आहे का विचारतात आणि असलं तर काढून घेतात. तुझ्या रिव्हिजन 4 मध्ये तिसऱ्या दिवशी रात्री मटण आहे, म्हणून आधीच सांगते.

राहिलं इथलं क्रुगर नॅशनल पार्क. तेवढंच करायचं, आणि तेही निम्मंच. तुला हे फार थोडं वाटेल. क्रुगर साधारण साडेएकोणीस हजार चौरस किलोमीटरचं आहे. आपला अख्खा पुणे जिल्हा भोर-वेल्ह्यासकट त्यात टाकला तरी वर जागा उरेल. उत्तर-दक्षिण लांबी साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास. तू दुसऱ्या दिवसासमोर ‘मालेलेन गेट ते पुंडा मारिया, 7 तास’ लिहिलंयस. तो हिशेब एक्सप्रेस हायवेचा आहे. इथे डांबरी रस्त्यावर ताशी 50 आणि मातीच्या रस्त्यावर 40 ची मर्यादा, आणि ती मोजायला स्पीडगन घेऊन माणूस खरोखर उभा असतो. थांबत-बघत गेलं की तासाला वीस-पंचवीस किलोमीटर पडतात. ह्या वेगाची मला तुझ्याबाबतीत काळजी नाही. संध्याकाळी कंपन्या सुटल्यावर चाकणच्या तळेगाव चौकातून आंबेठाण चौकाकडे गाडी काढणाऱ्याला क्रुगर म्हणजे मोकळा रस्ता. फरक एवढाच, की इथे पुढची गाडी मध्येच थांबली तर तिच्या मालकाला काही बोलायचं नाही. त्याला बिबट्या दिसलेला असतो.

आणि हॉर्न. दादा, हॉर्न वाजवायचा नाही. हत्ती रस्त्यात उभा राहिला तर तो जाईपर्यंत आपण उभं राहायचं. तो आपल्याकडे चालत यायला लागला तर सावकाश रिव्हर्स घ्यायचा. रिव्हर्समध्ये तुझा हात कोण धरणार! भोसरीच्या गल्लीत समोर टेम्पो आणि मागे ट्रेलर असताना तू गाडी काढतोस ते सगळ्यांनी पाहिलंय. पण टेम्पोवाल्याशी हुज्जत घालता येते.

तारखा मी ठरवल्यात: ऑगस्टचा पहिला आठवडा आणि वर थोडं. पुढच्या वर्षी अधिक महिना आहे, त्यामुळे आषाढी जुलैच्या अखेरीस. म्हणजे वहिनीला पालखीचं आकुर्डीतलं दर्शन सोडावं लागणार नाही, एकादशीचा उपासही घरीच होईल. आणि श्रावण लागतो ऑगस्टच्या मध्यावर, म्हणजे आपण निघू तेव्हा आखाड चालू असेल. दादा, मी कशाबद्दल बोलतेय ते तुला कळलं. इथे प्रत्येक घरापुढे कोळशाची शेगडी असते, तिला ‘ब्राय’ म्हणतात, आणि संध्याकाळी सगळा कॅम्प धुराने भरतो. तुझी पुढची गटारी सिंहाच्या शेजारी.

पंचांगाचं जमलं, आता जंगलाचं. ऑगस्ट इथे कोरड्या हिवाळ्याचं टोक. झाडांची पानं झडलेली, गवत वाळून आडवं झालेलं, लहानसहान डबकी आटलेली. जनावरांना उरलेल्या पाण्यावर यावंच लागतं. डिसेंबरात हेच जंगल इतकं हिरवंगार असतं की चार हातांवर बसलेला सिंह दिसत नाही. तुझ्या ‘किमान 4’ साठी ऑगस्टच बरा. पहाटे मात्र बोटं गारठतात. स्वेटर, कानटोपी आणा. आफ्रिका म्हणजे ऊन, असं म्हणत वहिनीने फक्त कॉटनचे कुडते भरू नयेत. हिवतापाचा धोका या दिवसांत कमी असतो, पण संपत नाही. डॉक्टरांना गोळ्यांचं विचारून या.

बुकिंग अकरा महिने आधी उघडतं. म्हणजे पुढच्या ऑगस्टचं आत्ता, हे पत्र तू वाचतोयस तेव्हा! म्हणून तुला उभं केलंय. लोअर साबीला तीन रात्री, साताराला तीन, ओलिफांट्सला दोन. हो, कॅम्पचं नाव सातारा आहे, आणि नाही, तिथे कंदी पेढे मिळत नाहीत. हा विनोद इथला प्रत्येक मराठी माणूस करतो, तूही करशील, म्हणून आधीच उरकून टाकला. साताराच्या आजूबाजूला गवताळ पट्टा आहे, सिंहांचं माहेर. ओलिफांट्स उंच कड्यावर, खाली नदी, त्यात दिवसभर हत्ती.

नवख्यांचा दुसरा हट्ट म्हणजे रोज कॅम्प बदलणं. रोज सामान भरा, रोज किल्ली जमा करा, आणि सकाळची उत्तम वेळ बॅगांच्या चेन ओढण्यात घालवा. तुझ्या भाषेत सांगते, सेटिंगमध्येच शिफ्ट जाते. ऑगस्टमध्ये गेटं सकाळी सहाला उघडतात आणि संध्याकाळी सहाला बंद होतात. सहाला पाच मिनिटं असताना आपण रांगेत असलो पाहिजे. संध्याकाळी उशीर झाला तर दंड होतो, आणि तिथला माणूस ‘साहेब, ट्रॅफिक होतं’ ऐकून घेत नाही. अर्थात तिथे ट्रॅफिक हत्तींचंच असतं.

गाडी आमचीच. महिंद्राची एक्सयूव्ही 700, जन्म चाकण. तुम्ही जिच्या मागून रोज जाता तीच इथे माझ्या दारात उभी आहे. तिच्या कुठल्यातरी कोपऱ्यात तुझ्या शेडमधून गेलेलं ब्रॅकेट आहे असं तू येऊन ठामपणे सांगणार. सांग. पण ते दाखवायला बॉनेट उघडायचं ते कॅम्पच्या कुंपणाच्या आत. बाहेर गाडीतून उतरायचं नाही, सनरूफमधून डोकं काढायचं नाही, ‘नुसता एक फोटो’ला दार उघडायचं नाही. मुख्य रस्ते डांबरी आहेत, साधी हॅचबॅक घेऊनही लोक मजेत फिरतात. उंच गाडीचा फायदा गवतावरून दिसण्यापुरता.

वहिनी, आता तुझा प्रश्न, जो तू दादाच्या फाइलमध्ये विचारायला लाजलीस. गाडीतून उतरायचं नाही तर मग काय? कॅम्पांत आणि ठरवून दिलेल्या पिकनिक स्पॉटवर सोय असते, आणि स्वच्छ असते. म्हणून माझ्या नकाशावर सिंहांच्या आधी संडासांच्या खुणा आहेत. दोन खुणांमधलं अंतर किती तास, त्यावर सकाळचा चहा एक कप की दोन, हे ठरतं. दादाच्या फाइलमध्ये यासाठी रकानाच नाही.

काही पिकनिक स्पॉटवर गॅसवरचा मोठा खोलगट तवा भाड्याने मिळतो, त्याला इथे ‘स्कॉटल’ म्हणतात. लोक त्यावर अंडी, सॉसेज करतात. आम्ही थालीपीठ लावतो. भाजणी मी इथे करून ठेवते, तू ओझं आणू नकोस. फक्त माकडांकडे लक्ष ठेवायचं. मागच्या खेपेला एका वानराने ह्यांच्या हातातला बेसनाचा लाडू पळवला आणि झाडावर बसून ह्यांच्याकडे बघत खाल्ला. हे अजून त्याला वानर म्हणत नाहीत, ‘तो’ म्हणतात.

दादा, तुला बघायला क्रुगरमधल्याच स्कुकुझा कॅम्पात एक वस्तू आहे. 1903 साली हॅरी वोल्हुटर नावाच्या इथल्या रेंजरला सिंहाने घोड्यावरून पाडलं आणि खांद्याला धरून फरपटत नेलं. त्याने कमरेचा चाकू काढून सिंहाला भोसकलं, मग जखमी अवस्थेत झाडावर चढून स्वतःला बांधून घेतलं. तो चाकू आणि त्या सिंहाचं कातडं तिथे काचेत ठेवलंय. सगळे कातड्यापुढे उभे राहतात. तू चाकूपुढे उभा राहून पोलाद कुठल्या ग्रेडचं विचारशील, मला माहीत आहे. त्याचं उत्तर तिथल्या फलकावर नाही. वाटेत मिडलबर्गला स्टेनलेस स्टीलचा मोठा कारखानाही लागतो. तो बाहेरूनच बघायचा. आत व्हिजिटची चिठ्ठी मी काढणार नाही.

तुझी आणखी एक सूचना होती, तंबूत राहू या, खरं जंगल अनुभवू या. ही सूचना वाचून मला गोखले आठवले. नामदार गोपाळ कृष्ण गोखले 1912 मध्ये इकडे आले होते. गांधीजींच्या टॉल्स्टॉय फार्मवर सगळे जमिनीवर झोपत. गोखल्यांची तब्येत नाजूक, म्हणून त्यांच्यासाठी खास खाट आणली, तर पुण्याचा माणूस ती घेईना. त्यांनीही अंथरूण जमिनीवरच घातलं. वाटेत पावसात भिजून सर्दी झालेलीच होती. गांधीजींना पुढे ह्याचं फार वाईट वाटलं. मला तसं वाटून घ्यायचं नाही, म्हणून छप्पर, गादी आणि रजई असलेलं घर बुक करतेय. गुडघे दुखतात ते तुझे, फोनवर ऐकून घेते ती मी.

बाकी, पहिल्या दिवशी पहिलं इम्पाला हरीण दिसलं की तू गाडी थांबवायला लावशील आणि भराभरा फोटो काढशील. काढ. दुपारपर्यंत इतकी दिसतील की तू ती रिजेक्शनमध्ये टाकशील. मुरलेली माणसं इम्पालाकडेच बघतात. सगळा कळप माना वर करून एकाच दिशेला बघत असेल, तर तिथे काहीतरी आहे. कॅम्पमध्ये फळ्यावर रंगीत चुंबकं लावून आज कुठे काय दिसलं ते दाखवलेलं असतं. तो फळा तुझ्या प्रॉडक्शन बोर्डासारखा दिसतो म्हणून त्यावर भरवसा ठेवू नकोस. सकाळी सातला दिसलेला बिबट्या दहाला आपली वाट बघत नाही.

लोअर साबीजवळ सनसेट डॅम म्हणून पाणवठा आहे. तिथे इंजिन बंद करून बसायचं, पाणघोडे आणि मगरी बघत. दोन तास. तू त्याला आयडल टाइम म्हणशील. पार्क 1926 मध्ये झालं आणि 1927 मध्ये पाहुण्यांसाठी उघडलं, तेव्हा पहिल्या वर्षी अवघ्या तीन मोटारी आल्या. आता सकाळी गेटावरच त्याहून लांब रांग असते. जागा मिळाली की सोडायची नाही, एवढंच लक्षात ठेव.

आता कामं. विमान आदिस अबाबा किंवा नैरोबीमार्गे घेतलंस आणि तिथे बारा तासांपेक्षा जास्त थांबा आला, तर पिवळ्या तापाच्या लशीचं सर्टिफिकेट लागेल. आखातामार्गे ये, कटकट नको. इकडेही गाड्या डावीकडूनच चालतात, त्यामुळे तुलाही चालवायला देईन. मोशीच्या आरटीओत आंतरराष्ट्रीय परवाना काढ, पण आत्ता नको, त्याची मुदत एकच वर्ष असते. पुढच्या जूनमध्ये काढ. व्हिसाला वेळ लागतो, ते काम मेमध्ये सुरू कर. परदेशी पाहुण्याला पार्कची रोजची फी भारी पडते, तुमच्यासाठी वर्षाचं वाइल्ड कार्ड काढायचं का ते मी बघते.

आणि सगळ्यात आधी दोघांच्या पासपोर्टांच्या पहिल्या पानाचे फोटो अनंत चतुर्दशीच्या आत पाठव. लोअर साबीची नदीकडची घरं फार दिवस शिल्लक राहत नाहीत.

तुझी धाकटी बहीण

ता. क. रिव्हिजन 6 पाठवू नकोस.