विद्यापीठानं नाव काढलं

फेब्रुवारी २०२२ मध्ये अलाबामा विद्यापीठाच्या विश्वस्तांनी असा तोडगा काढला, की चार भाऊबंदक्या मिटवलेल्या मुरब्बी सरपंचानंही त्यांच्यापुढे हात टेकावेत. विद्यापीठातल्या शिक्षणशास्त्राच्या इमारतीला बिब ग्रेव्ह्ज यांचं नाव होतं. ग्रेव्ह्ज दोनदा राज्याचे गव्हर्नर झाले, शाळांवर त्यांनी पैसा खर्च केला, आणि कू क्लक्स क्लान या गोऱ्यांच्या दहशतखोर संघटनेच्या माँटगोमेरी शाखेचं प्रमुखपदही भूषवलं. नाव बदला, असा तगादा वाढला तेव्हा विश्वस्तांना ऑथरिन लूसी आठवल्या. या विद्यापीठात शिकायला आलेल्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय विद्यार्थिनी. १९५६ मध्ये त्या तीन दिवस वर्गात बसल्या, बाहेर जमाव चालून आला, आणि विद्यापीठानं शिस्तीचा बडगा उगारला तो लूसींवर. आधी निलंबन, मग थेट हकालपट्टी. जमाव आपापल्या घरी गेला.

तर आता एकीकडे ग्रेव्ह्ज, दुसरीकडे लूसी. दोघांनाही दुखवायचं नाही. विश्वस्तांनी इमारतीचं नाव ठेवलं ‘लूसी-ग्रेव्ह्ज हॉल’.

क्लानचा म्होरक्या आणि क्लानच्या विचारांनी जिला हाकललं ती विद्यार्थिनी, दोघांनी एकाच पाटीवर गुण्यागोविंदानं नांदावं, मध्ये पंच म्हणून एक आडवी रेघ. बाहेरच्या जगाला ही समरसता झेपली नाही. छी-थू इतकी झाली, की जेमतेम आठवड्याभरानं विश्वस्त पुन्हा बसले आणि ग्रेव्ह्ज यांना पाटीवरून उतरवलं. २५ फेब्रुवारीच्या समारंभाला ९२ वर्षांच्या लूसीबाई स्वतः हजर होत्या. २ मार्चला त्यांचं निधन झालं. विश्वस्तांनी रीतसर आणखी महिनाभर विचार केला असता, तर सत्कारमूर्तींची अडचण परस्परच मिटली असती.

इमारतींची बारशी पुन्हा करण्याचं हे काम गेली दहा वर्षं अमेरिका, ब्रिटन, आयर्लंड आणि दक्षिण आफ्रिकेतल्या विद्यापीठांत धडाक्यात चालू आहे. गुलामांचे मालक, वंशशुद्धीचे पुरस्कर्ते, वसाहतींचे लुटारू अशी मंडळी पाट्यांवर बसली होती. त्यांना उतरवायला हवं होतं, यात वाद नाही. गंमत आहे ती उतरवण्याच्या तऱ्हेची.

नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या चॅपेल हिल इथल्या आवारात सॉन्डर्स हॉल होता. विल्यम सॉन्डर्स यांचं नाव का द्यावं, याची कारणं १९२० च्या विश्वस्तांनी नीट लिहून ठेवली होती, आणि त्यांत ‘राज्यातल्या क्लानचे प्रमुख’ ही पात्रता म्हणून नोंदवली होती. डाग म्हणून नाही, शेरा म्हणून नाही. आजकाल अर्जात ‘संगणकाचं ज्ञान’ लिहितात त्या रकान्यात. २०१५ मध्ये नाव गेलं. विद्यार्थ्यांना लेखिका झोरा नील हर्स्टन यांचं नाव हवं होतं. विश्वस्तांनी ठेवलं ‘कॅरोलायना हॉल’. कॅरोलायना विद्यापीठात कॅरोलायना हॉल; कुणाच्याही भावना दुखावणार नाहीत आणि कुणाला काही आठवणारही नाही. सोबत आणखी एक ठराव झाला: पुढची सोळा वर्षं एकाही इमारतीचं नाव बदलायचं नाही. विवेकाला एवढी दीर्घ रजा यापूर्वी कुणी मंजूर केली नसेल. पाचच वर्षांत, पोलिसाच्या हातून झालेल्या कृष्णवर्णीय जॉर्ज फ्लॉइड यांच्या हत्येनंतर देश पेटला आणि २०२० मध्ये रजा रद्द करून विवेकाला कामावर परत बोलवावं लागलं.

‘इतिहास पुसू नका’ म्हणून गळा काढणारेही याच काळात उगवले. सॉन्डर्स कोण होता, हे त्या इमारतीत पिढ्यान्‌पिढ्या तासाला बसलेल्या बहुतेकांना ठाऊक नव्हतं. त्याचा इतिहास लोकांना कळला तो पाटी काढायची वेळ आली तेव्हा. पाटी वर होती तोवर तिच्याखाली सगळे छत्र्या झटकत होते.

जुनं नाव काढणं सोपं, नवं शोधणं जोखमीचं. आज शोधलेला थोर पुरुष उद्या काय निघेल, कुणी सांगावं? लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजनं यावर रामबाण उपाय काढला. ‘युजेनिक्स’, म्हणजे माणसांची पैदास सुधारण्याचं तथाकथित शास्त्र, हे नाव १८८३ मध्ये रूढ करणारे फ्रान्सिस गाल्टन आणि त्यांचे वारसदार कार्ल पिअर्सन यांची नावं तिथल्या व्याख्यानगृहांना होती. जून २०२० मध्ये ती गेली. गाल्टन व्याख्यानगृह झालं ‘व्याख्यानगृह ११५’. पिअर्सन व्याख्यानगृह झालं ‘जी २२’. पिअर्सन बिल्डिंग झाली ‘वायव्य विंग’. ११५ या आकड्यानं आजवर कुणाचीही कवटी मोजलेली नाही, आणि वायव्य दिशेच्या मालकीचे कुठल्याही वसाहतीत मळे नव्हते. चारित्र्य निष्कलंक.

एडिंबरानं त्याच सप्टेंबरात हीच वाट धरली. तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूम यांच्या नावाचा तिथला मनोरा आता ‘४० जॉर्ज स्क्वेअर’ या पत्त्यानं ओळखला जातो. ह्यूम यांचा अपराध एका तळटीपेतला. राष्ट्रांच्या स्वभावावरच्या निबंधाला त्यांनी १७५३ च्या आवृत्तीत एक टीप जोडली आणि कृष्णवर्णीय जात्याच कनिष्ठ असावेत असा संशय व्यक्त केला. टीप गलिच्छ आहे, यात शंका नाही. पण या माणसाचं आणि या विद्यापीठाचं नशीबच अजब. १७४५ मध्ये ह्यूम यांनी तिथल्या प्राध्यापकपदासाठी खटपट केली, तेव्हा नास्तिक म्हणून त्यांना डावललं. दोनशे वर्षांनी त्यांच्या नावानं मनोरा उभारला. मग तोही परत घेतला. तीनशे वर्षांत ह्यूम यांना एडिंबरा विद्यापीठात धड नोकरी मिळाली नाही की धड निवृत्ती.

हे सगळं झालं फुकटातल्या नावांचं. जिथं नावाला पावती जोडलेली आहे, तिथं विवेकाची चाल एकदम बदलते.

नॅशव्हिलच्या व्हँडरबिल्ट विद्यापीठाच्या हद्दीत ‘कॉन्फेडरेट मेमोरियल हॉल’ होता. गुलामगिरी टिकावी म्हणून लढलेल्या दक्षिणेच्या स्मरणार्थ तिथल्या एका महिला संघटनेनं १९३३ मध्ये त्यासाठी ५०,००० डॉलर दिले होते. २००२ मध्ये विद्यापीठानं ‘कॉन्फेडरेट’ हा शब्द काढायचं ठरवलं. संघटना कोर्टात गेली, आणि कोर्टानं २००५ मध्ये सांगितलं: खुशाल काढा, पण देणगी आजच्या भावानं परत करून. पश्चात्तापाचा इतका स्वच्छ हिशेब पहिल्यांदाच कागदावर आला होता. विद्यापीठ अकरा वर्षं विचारात पडलं. अखेर २०१६ मध्ये निनावी दात्यांनी १२ लाख डॉलर जमवून दिले, ते संघटनेला पोचते झाले आणि एक शब्द दगडावरून खरवडला गेला. ज्यांनी केलेल्या उदात्तीकरणाची लाज वाटत होती, त्यांच्याच तिजोरीत १२ लाख जमा झाले. गाढवही गेलं आणि ब्रह्मचर्यही. रिचमंड विद्यापीठानं २०२२ मध्ये आपल्या विधी महाविद्यालयावरून टी. सी. विल्यम्स यांचं नाव उतरवलं, तेव्हा त्यांच्या एका वंशजानं पूर्वजांच्या देणग्यांवर व्याज लावून अब्जावधी डॉलरचा आकडा काढला आणि विद्यापीठाची जवळपास सगळी गंगाजळीच परत मागितली.

या सर्वांचा मेरुमणी म्हणजे येल. या विद्यापीठात १९३० च्या दशकात एका निवासी महाविद्यालयाला जॉन कॅलहून यांचं नाव दिलं गेलं. कॅलहून येलचे १८०४ चे पदवीधर, अमेरिकेचे उपाध्यक्ष, आणि गुलामगिरी ही निरुपायानं सोसायची गोष्ट नसून कल्याणकारी गोष्ट आहे, असं १८३७ मध्ये सिनेटमध्ये ठासून सांगणारे. एप्रिल २०१६ मध्ये विद्यापीठाच्या अध्यक्षांनी तीन निर्णय एका दमात जाहीर केले. कॅलहून यांचं नाव राहणार, कारण ते काढलं तर विद्यार्थी इतिहासाला सामोरे कसे जाणार? महाविद्यालयांच्या प्रमुखांना ‘मास्टर’ म्हणणं बंद, कारण त्यातून गुलामांचा मालक आठवतो. म्हणजे मालक राहील, हाक बदलेल. आणि दोन नव्या महाविद्यालयांपैकी एकाला कृष्णवर्णीय वकील आणि हक्कांच्या लढ्यातल्या कार्यकर्त्या पॉली मरे यांचं नाव; दुसऱ्याला बेंजामिन फ्रँकलिन यांचं. फ्रँकलिन यांचं येलशी नातं १७५३ मधल्या एका मानद पदवीपुरतं, शिवाय त्यांच्याही घरी गुलाम होते. पण २५ कोटी डॉलर देणाऱ्या दात्याला फ्रँकलिन फार आवडत. एवढी शिफारस पुरे झाली.

त्याच जूनमध्ये कॅलहून महाविद्यालयाच्या भोजनगृहात काम करणाऱ्या एका कृष्णवर्णीय कर्मचाऱ्यानं झाडूच्या दांड्यानं तिथली एक रंगीत काच फोडली. कापूस वाहणारे गुलाम तिच्यावर चितारले होते, आणि तो तिच्याखाली रोज ताटं उचलत होता. त्याला अटक झाली, नोकरी गेली, बोभाटा झाला, मग आरोप मागे घेतले गेले आणि नोकरी परत मिळाली. ऑगस्टमध्ये विद्यापीठानं समिती नेमली. कॅलहून यांच्यावर नव्हे, तर नावं बदलण्याबाबतची तत्त्वं ठरवण्यासाठी. डिसेंबरात तत्त्वं आली, फेब्रुवारी २०१७ मध्ये कॅलहून गेले, आणि संगणकशास्त्रातल्या अग्रणी, येलच्याच पीएच. डी. असलेल्या रिअर ॲडमिरल ग्रेस हॉपर यांचं नाव आलं. निवड उत्तम. झाडूच्या दांड्याचा उल्लेख मात्र तत्त्वांमध्ये कुठं नाही.

त्यातलं मुख्य तत्त्व असं: त्या व्यक्तीचा प्रमुख वारसा विद्यापीठाच्या ध्येयाशी मुळातच विसंगत आहे का? हे वाचताना समितीच्या सभासदांनी फाटकावरच्या नावाकडे पाहिलं असेल का, असा खट्याळ विचार मनात येतोच.

एलिहू येल १६७२ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीचा कारकून म्हणून मद्रासला उतरला आणि १६८७ मध्ये सेंट जॉर्ज किल्ल्याचा गव्हर्नर झाला. त्याच सुमारास तिथं दुष्काळ पडला, माणसं स्वस्त झाली, आणि युरोपकडं निघणाऱ्या प्रत्येक जहाजावर किमान दहा गुलाम चढवावेत, असा हुकूम ज्या बैठकीतून निघाला तिला तो हजर होता. १६९२ मध्ये कंपनीनंच त्याला पदावरून काढलं. गुलामांसाठी नाही; खासगी धंद्यात हात जरा जास्तच ओले केले म्हणून.

मराठी वाचकाला हा गृहस्थ अगदीच परका नाही. छत्रपती राजाराम महाराज जिंजीत होते, मोगल फौजा चालून आलेल्या, पैशाची चणचण. अशा वेळी, १६९० मध्ये, कडलूरजवळचा देवनामपट्टणमचा किल्ला इंग्रजांनी मराठ्यांकडून विकत घेतला. तेव्हा मद्रासचा गव्हर्नर येलच होता. सौद्यात अशी अट होती, की तोफ डागायची आणि गोळा जिथवर जाईल तिथवरचा मुलूख इंग्रजांचा. इंग्रजांनी चारी दिशांना बार उडवले आणि कडलूर शहरसुद्धा त्यात आलं. त्या गावांना पुढं तोफगोळ्याची गावं असंच नाव पडलं.

असा मापात पक्का माणूस म्हातारपणी लंडनला बसला असताना, १७१८ मध्ये, बोस्टनच्या कॉटन मॅदर या धर्मोपदेशकानं त्याला पत्र धाडलं. कनेक्टिकटमध्ये एक गरीब शाळा आहे, तिला मदत केलीत तर तुमचं नाव मुलाबाळांपेक्षाही जास्त टिकेल, असा मजकूर. येलनं पाठवलं काय? कापडाच्या नऊ गासड्या, ४१७ पुस्तकं आणि राजा पहिला जॉर्ज याची तसबीर. गासड्या विकून ५६२ पौंड आले. आवळा देऊन कोहळा काढणं म्हणतात ते हे. २०२४ मध्ये या कोहळ्याची गंगाजळी ४१ अब्ज डॉलरच्या वर होती.

२०२० मध्ये ‘येलचंच नाव काढा’ अशी मोहीम समाजमाध्यमांवर निघाली. ती चालवली उजव्या विचारांच्या टवाळांनी, नामांतरवाल्यांना खिजवण्यासाठी. विद्यापीठाच्याच तत्त्वांना धरून असलेली ही सर्वांत सरळ मागणी, आणि ती केली कुठलंच नाव बदलू नये असं मानणाऱ्यांनी, चेष्टेत. विद्यापीठानंही ती चेष्टेतच घेतली. फेब्रुवारी २०२४ मध्ये इतिहासकार डेव्हिड ब्लाइट यांचा गुलामगिरी आणि येल यांवरचा जाडजूड ग्रंथ आला, त्याच दिवशी विद्यापीठानं गुलामगिरीशी असलेल्या संबंधांबद्दल रीतसर माफी मागितली. माफीनाम्याच्या माथ्यावर अर्थातच ‘येल’.

दक्षिण आफ्रिकेतल्या ऱ्होड्स विद्यापीठानं निदान आडपडदा ठेवला नाही. केप टाउन विद्यापीठातून ब्रिटिश साम्राज्यवादी सेसिल ऱ्होड्सचा पुतळा एप्रिल २०१५ मध्ये उचलला गेला, पण ऱ्होड्स विद्यापीठाच्या कौन्सिलनं डिसेंबर २०१७ मध्ये १५ विरुद्ध ९ मतांनी नाव कायम ठेवलं. नाव बदलायला फार खर्च येतो, हे कारण त्यांनी उघड पुढं केलं.

राहता राहिले आयरिश तत्त्वज्ञ बिशप जॉर्ज बर्कली. ऱ्होड आयलंडला राहत असताना यांनी गुलाम विकत घेतले होते, म्हणून डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजनं २०२३ मध्ये आपल्या ग्रंथालयावरून त्यांचं नाव काढलं आणि पुढं कवयित्री ईव्हन बोलंड यांचं दिलं. ऱ्होड आयलंडमधलं आपलं शेत बर्कलींनी १७३२ मध्ये येलला दान केलं होतं, त्यामुळे येलमध्ये बर्कली कॉलेज सुखरूप आहे. आणि कॅलिफोर्नियात तर त्यांच्या नावानं एक अख्खं शहर आहे, त्यात जगप्रसिद्ध विद्यापीठ. त्या विद्यापीठानं इमारतींच्या नावांची छाननी करायला खास समिती नेमली. तिनं न्यायाधीश बोल्ट यांना चिनीद्वेषासाठी, ल कॉन्त बंधू आणि बॅरोज यांना वंशवादासाठी, मानववंशशास्त्रज्ञ क्रोबर यांना आदिवासींच्या अस्थी गोळा केल्याबद्दल एकेक करून खाली उतरवलं. बॅरोज हॉल झाला ‘सामाजिक शास्त्रांची इमारत’. दर खेपेला सविस्तर अहवाल, कारणमीमांसा, परिशिष्टं, आणि खाली सही: इमारत-नाव पुनर्विचार समिती, बर्कली.