दोन समित्या आणि एक सरोवर

आमच्या सासरी कुठल्याही कामाची सुरुवात समिती नेमण्यापासून होते. थोरले भाऊजी बँकेत होते, त्यातही युनियनमध्ये होते, त्यामुळे गणपतीचं मखर असो की सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, दोन समित्या, एक निमंत्रक आणि 'उर्वरित विषय पुढील बैठकीत' हे ठरलेलं. पुतण्या मिलानच्या पॉलितेक्निकोत, म्हणजे तिच्या लेको गावच्या आवारात, इंजिनिअरिंग शिकायला गेला. त्याचं शिक्षण संपायच्या आत सगळ्यांनी मिळून तिकडची सरोवरं बघून यावीत असं दिवाळीच्या फराळावर निघालं, तेव्हा चकलीच्या डब्याला झाकण लागायच्या आत निवास समिती आणि प्रवास समिती स्थापन झाल्या होत्या. निवासाकडे जाऊबाई आणि मी. प्रवासाकडे भाऊजी आणि नणंदेचे यजमान. माणसं एकूण अकरा, वयं सात ते एकोणऐंशी.

महाबळेश्वरला जाताना ही विभागणी छान चालते. घर कुठलंही घ्या, गाडी फाटकापर्यंत जाते. सरोवराच्या काठी मात्र राहायचं कुठे आणि फिरायचं कशाने हे दोन प्रश्नच नाहीत. घर पक्कं केलंत की मोटार, आगगाडी की नाव ते आपोआप ठरतं, आणि आधी मोटार पक्की केलीत तर निम्मी घरं यादीतून गळतात. हे उमगायला दोन्ही समित्यांनी एकमेकींशी बोलायला हवं. आमच्याकडच्या समित्या बोलत नाहीत, अहवाल देतात.

भानगडीचं मूळ कोमो सरोवराच्या आकारात आहे. नकाशात ते दोरीवर वाळत घातलेल्या लेंग्यासारखं दिसतं. वर कमरेशी कोलिको, तिथे आल्प्समधून आलेली अद्दा नदी आत शिरते. डाव्या पायाच्या टोकाला कोमो शहर, उजव्या पायाच्या टोकाला पुतण्याचं लेको. अद्दा बाहेर पडते ती लेकोकडून. कोमोकडचा पाय तळाशी बंद, म्हणून पाऊस फार झाला की तिथल्या काठच्या चौकात पाणी येतं. आता ज्याचे फोटो सगळं जग काढतं ते बेलाजिओ या लेंग्यात नेमकं कुठे येतं, हे भाऊजी सासूबाईंना बोटाने दाखवायला गेले आणि मध्येच थांबले.

"कळलं," सासूबाई म्हणाल्या. "पुढे बोल."

पुढे असं, की बेलाजिओच्या समोर पूर्व काठावर वारेन्ना आहे आणि पश्चिम काठावर मेनाज्जो. वारेन्नाहून बेलाजिओ नावेने पाव तासाच्या आसपास. मोटारीने जायचं तर आधी खाली लेकोला उतरायचं, टोकाला वळसा घालायचा आणि दुसऱ्या काठाने पुन्हा तेवढंच वर चढायचं. चाळीसेक किलोमीटर, आणि तेही डोंगर आणि पाणी यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीवरून. समोरचं गाव दिसतंय, तिथल्या घरांच्या खिडक्या मोजता येतायत, आणि गाडीतला नकाशा सांगतोय की एक तास. मोटारी चढवून नेणारी फेरीबोट आहे, पण मग मोटार तरी कशाला, हा प्रश्न नावेत बसल्या बसल्या पडतोच.

तो प्रश्न पडायच्या आधी आमच्या प्रवास समितीने नऊ आसनी व्हॅन हेरून ठेवली होती. नऊच का, तर साध्या मोटारीच्या परवान्यावर तिकडे चालक धरून नऊ आसनांपर्यंतचीच गाडी चालवता येते. आम्ही अकरा. म्हणजे दोन गाड्या, दोन चालक, आरटीओतून काढलेले दोन आंतरराष्ट्रीय परवाने, आणि कुठल्या गाडीत कोण बसणार यावर एक उपसमिती. शिवाय नऊ आसनी गाडीत नऊ माणसं बसली की बॅगा बसत नाहीत, ही गोष्ट जाहिरातीतल्या हसऱ्या कुटुंबाकडे बघून लक्षात येत नाही. त्या कुटुंबाकडे बॅगाच नसतात. पश्चिम काठाचा रेजिना नावाचा जुना रस्ता काही गावांत इतका आवळतो की बस आणि ट्रक समोरासमोर आले तर एकाला मागे सरावंच लागतं, हे पुतण्याने सांगून पाहिलं. नणंदेचे यजमान मालवणचे. ते म्हणाले, "आंबा घाटात, धुक्यात, एका दिव्यावर गाडी उतरवलेल्या माणसाला तू रस्ते नको शिकवू."

घाट ते उतरतील, शंका नाही. इटलीत माणूस घाटात अडकत नाही, गावाच्या वेशीवर अडकतो. बऱ्याच जुन्या गावांच्या आणि शहरांच्या मध्यभागी बाहेरच्या मोटारींना बंदी असते. कॅमेरा नंबर टिपतो, कोणी शिट्टी वाजवत नाही, कोणी काठी आडवी करत नाही. दंड काही महिन्यांनी घरी येतो. मधल्या काळात गाडी भाड्याने देणारी कंपनी तुमचं नाव-पत्ता सरकारला कळवल्याची वेगळी फी कापून मोकळी झालेली असते. आपल्याकडे चौकातल्या हवालदाराशी निदान दोन शब्द बोलता येतात, हा भाऊजींचा मुद्दा मला एरवी पटत नाही, पण इथे थोडा पटला.

दरम्यान निवास समितीचा जीव बेलाजिओच्या एका घरावर जडला होता. गच्ची, गच्चीवर बोगनवेल, खाली निळं पाणी. ते घर ज्या बोळात होतं तो बोळ नसून जिना होता, आणि तो जिना व्हॅनला तर सोडाच, चाकांच्या बॅगेलाही मान्य नव्हता. भाड्याच्या घरांच्या वर्णनात 'सरोवर पाच मिनिटांवर' असं लिहितात ते उतरतानाचं गणित असतं. चढतानाचं कोणी लिहीत नाही. गुडघ्यांचं तर नाहीच.

या वादाचा निकाल एकाने फार पूर्वी लावून ठेवलाय. धाकटा प्लिनी हा रोमन वकील आणि अधिकारी पहिल्या शतकात कोमोतच जन्मला. सरोवराकाठी त्याची बरीच घरं होती, आणि त्यातल्या दोन लाडक्या घरांविषयी मित्राला लिहिलेलं त्याचं पत्र आजही वाचायला मिळतं. एक घर खडकावर उंच, तिथून खाली सरोवर दिसतं. दुसरं पाण्याला लागून, तिथे निजायच्या खोलीतून, जवळजवळ अंथरुणातूनच, गळ टाकता येतो. उंच घराला त्याने नाव ठेवलं शोकांतिका, कारण शोकांतिकेतले नट उंच तळव्यांचे बूट चढवून उभे राहत. सखल घराला सुखांतिका, कारण तिच्यातले नट सपाट चपलांवर वावरत. गृहस्थाला दोन्ही परवडत होती, म्हणून त्याला समिती नेमावी लागली नाही. जाऊबाईंना मी हे वाचून दाखवलं, तर त्या म्हणाल्या, "दोन घरं म्हणजे भांडी दुप्पट. ती कोण घासायचं, ते लिहिलंय का पत्रात?" नव्हतं लिहिलेलं.

मग कोमोच का, असाही एक दिवस गेला. मुलांना गार्दा हवं होतं, कारण तिथे पेस्किएराजवळ गार्दालँड नावाचं पाळण्यांचं भलंमोठं उद्यान आहे. गार्दा कोमोच्या अडीचपट, दक्षिणेला सपाट, देसेन्झानो आणि पेस्किएरा ही दोन्ही स्थानकं मिलान-व्हेनिस मार्गावर, त्यामुळे प्रवास समितीही पाघळली होती. १७८६ मध्ये जर्मन कवी गटे तिथल्या माल्चेसिनेचा पडका किल्ला कागदावर काढत बसला होता, तर गावकऱ्यांनी त्याला हेर समजून घेरलं. आता त्याच किल्ल्याचे फोटो काढणाऱ्यांवर ते गाव जगतं. ह्यांचं मत मज्जोरे सरोवराकाठच्या स्त्रेझाला पडलं. कारण विचारलं तर म्हणाले, स्टेशन गावातच आहे. ह्यांची सगळी मतं स्टेशनावरून ठरतात. पण पुतणीने पारडं फिरवलं. कोमोच्या पश्चिम काठी लेन्नोजवळ बाल्बियानेल्लो नावाचा बंगला आहे, तिथे २०१८ च्या नोव्हेंबरात दीपिका-रणवीरचं लग्न झालं, आणि तो बघितल्याशिवाय परत यायचं असेल तर तिने यायचंच कशाला? या बंगल्याचे शेवटचे मालक ग्विदो मोन्झिनो १९७३ मध्ये इटालियन मोहीम घेऊन एव्हरेस्टवर गेले होते, मोहिमांच्या आठवणी त्यांनी इथेच जपल्या आणि मरताना घर एका वारसा जपणाऱ्या संस्थेला देऊन टाकलं. हे ऐकल्यावर ट्रेकला जाणारे भाऊजीही फुटले. कोमो बहुमताने मंजूर.

त्यानंतर व्हिसा. शेंगेन व्हिसाच्या अर्जाला राहण्याची सोय, परतीच्या प्रवासाची सोय आणि किमान ३०,००० युरोंचा आजारपणाचा विमा, असं सगळं आधी दाखवावं लागतं. म्हणजे जायला मिळेल की नाही हे ठरायच्या आत कुठे झोपणार हे ठरलेलं हवं. इथे निवास समितीचं वजन अचानक वाढलं. त्याहून मोठी उलथापालथ बँकेच्या उताऱ्यांनी केली. मोठ्या माणसांचे उतारे एका फायलीत आले, आणि पस्तीस वर्षांच्या नात्यात पहिल्यांदाच कोणाच्या खात्यात किती आहे ते सगळ्यांना कळलं. नणंदेचे यजमान, ज्यांच्याकडे आम्ही आजवर कौतुकमिश्रित दयेने बघत होतो, सगळ्यांत पुढे निघाले. तेव्हापासून त्यांच्या रस्त्याविषयीच्या मतांना कोणी हसत नाही.

सासूबाईंनी या काळात दोनच प्रश्न विचारले. पहिला न्हाणीघराविषयी होता आणि त्यांनी तो माझ्या कानात विचारला. इथे इटलीने आमची लाज राखली. १९७५ च्या एका मंत्रालयीन आदेशाने तिथल्या प्रत्येक राहत्या घरात निदान एका न्हाणीघरात बिडे, म्हणजे धुण्याचं बसकं भांडं, असायलाच हवं असं ठरवून दिलंय. युरोपात इतरत्र बाटली घेऊन फिरणाऱ्या आपल्या लोकांनी या आदेशाचं जाहीर स्वागत करायला हवं. हॉटेल की घर हा आमचा वाद या एका कलमावर संपला; घर.

दुसरा प्रश्न कुकरचा. तिथल्या स्वयंपाकघरात कॉफीचं मोका भांडं नक्की असेल, पास्ता निथळायची चाळण असेल, कुकर असेलच असं नाही. सासूबाईंनी आपला तीन लिटरचा कुकर बॅगेत पहिल्यांदा भरला आणि मग त्याच्या आत भाजणी आणि मेतकूट. बॅगेचं वजन करताना भाऊजींनी तो हळूच बाहेर काढला. दुसऱ्या दिवशी तो परत आत होता. मालवणकरांना फक्त इतकं हवं होतं की मासे मिळतील ना. कोमोत आगोने नावाचा मासा मीठ लावून उन्हात सुकवतात, तमालपत्रं घालून दाबून ठेवतात आणि मिस्सोल्तीनी म्हणून खातात, हे कळल्यावर त्यांनी व्हॅनचा हट्ट सोडायची तयारी दाखवली. दोन्ही गोष्टींचा संबंध काय, ते आम्ही विचारलं नाही.

व्हॅन सुटल्यावर सगळं भराभर जुळलं. मुक्काम वारेन्नाला. मिलान सेंट्रालेहून तिरानोकडे जाणारी गाडी तासाभरात तिथे सोडते आणि वाटेत लेको लागतं, त्यामुळे पुतण्या तास संपवून जेवायला येऊ शकतो. बेलाजिओ, मेनाज्जो नावेने, लेन्नोही नावेनेच. फक्त शेवटची नाव कितीची ते जेवणाआधी बघायचं, कारण ती आपल्या आइस्क्रीमसाठी थांबत नाही. घरं दोन, प्लिनीचंच ऐकलं: एक वर चढावर, एक धक्क्यापासून जवळ. दर माणशी दर रात्री गावकर भरायचा आणि घरमालक पोलिसांना कळवायला सगळ्यांचे पासपोर्ट मागेल, हे सासूबाईंना आधीच सांगून ठेवलंय, नाहीतर त्या पासपोर्ट द्यायच्या नाहीत.

भाऊजींना व्हॅन गेल्याचं दुःख होईल असं वाटलं होतं. पण आगगाड्यांचा अभ्यास करताना त्यांना इटलीतल्या रेल्वे संपांचा शोध लागला. संप आधी जाहीर करतात, आणि कामाच्या दिवशी सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ९ या वेळात ठरावीक गाड्या संपातही सोडाव्या लागतात. युनियनमध्ये आयुष्य घालवलेला माणूस हे वाचून गहिवरला. "ह्याला म्हणतात शिस्त," असं म्हणून त्यांनी वेळापत्रकात संपाचा वेगळा रकाना आखला. मला तर आता शंका येते, की निदान एक संप आपल्या वाट्याला यावा अशी त्यांची मनातून इच्छा आहे.

राहता राहिलं, कोणी कुठल्या घरात उतरायचं. शेवटच्या बैठकीत भाऊजींनी निमंत्रक या नात्याने ठराव मांडला, की वरचं घर दृश्याच्या दृष्टीने सरस असल्याने तिथे ज्येष्ठ सभासद, म्हणजे ते स्वतः, मालवणकर आणि ह्यांची सोय व्हावी. खालचं घर बायका-मुलांना. अनुमोदनाला हात वर गेले, इतिवृत्तात नोंद होऊ लागली. सासूबाई वाती वळत होत्या, त्यांनी वर बघितलंही नाही.

"राहा की," त्या म्हणाल्या. "कुकर खाली राहील."