डोंबिवलीच्या कडाक्याच्या थंडीत आमरी जगवण्याची सोपी कृती

आधी थंडीचं बघू. पारा 16 अंशांवर उतरला की फडके रोडवर स्वेटर फिरू लागतात, सकाळच्या फास्ट लोकलला कानटोप्या लोंबकळतात आणि नवशिक्या ऑर्किडवाल्याच्या पोटात गोळा येतो. त्याने परदेशी पुस्तकात वाचलेलं असतं की जमिनीवरच्या ऑर्किडला हिवाळ्यात सांभाळावं लागतं. पुस्तक खरं बोलतं, पण ते सिप्रिपेडियमबद्दल. ती युरोपात आणि हिमालयात बर्फाखाली झोपते, तिला तीनेक महिने 0 ते 5 अंशांची गारठवणारी झोप लागतेच. डोंबिवलीत तीच हवी असा हट्ट असेल, तर फ्रिजचा भाजीचा कप्पा मकरसंक्रांत उलटेपर्यंत रिकामा ठेवावा आणि आत ठेवलेला मुळांचा गुंता म्हणजे निवडायची राहिलेली मेथी नव्हे, हे घरात रोज सांगावं.

नवशिक्यांनी या फंदात पडू नये. आपल्या सह्याद्रीत जमिनीवरच्या आमऱ्या, म्हणजे ऑर्किडच, भरपूर आहेत. झेवियर्स कॉलेजचे फादर सांतापाव आणि कापडिया यांनी 1966 साली ‘द ऑर्किड्स ऑफ बॉम्बे’ हे आख्खं पुस्तक इथल्या ऑर्किडवर काढलं. सुरुवातीला चिचुर्डी पुरे. जून-जुलैत सड्यावर एकच गोल पान जमिनीला चिकटवून बसते आणि मधून पांढरी फुलं काढते. तिच्याच गोतातली, एका बाजूला ओळीने फुलं लावणारी टूथब्रश ऑर्किडही ट्रेकवाल्यांच्या ओळखीची आहे.

मात्र म्हणून खुरपं घेऊन मलंगगड चढू नये. कासला तर नाहीच. ते 2012 पासून जागतिक वारशात आहे आणि तसं नसतं तरी उत्तर तेच. आमरीचं बी धुळीइतकं बारीक, त्यात शिदोरी म्हणून काहीही नसतं. मातीतली बुरशी भरवते तेव्हा कुठे ते रुजतं. उपटून आणलेला कंद त्या बुरशीला मागे टाकून येतो आणि बहुधा तुमच्या गॅलरीतच दम तोडतो. कंद रोपवाटिकेत वाढवलेलाच घ्यावा, विकणाऱ्याने ‘जंगलचा अस्सल माल’ असं कौतुकाने सांगितलं तर तिथूनच परत फिरावं.

कुंडी मातीची. तळाला विटांचे तुकडे, वर मुरूम आणि कुजलेला पाला. काळी माती नको. झालं.

आता खरा हिवाळा. गणपती गेले की पान कडेने पिवळं पडू लागतं आणि दिवाळीच्या आसपास कुंडीत काहीही दिसत नाही. आमरी मेलेली नाही. मातीखाली यंदाचा जुना कंद सुकून तपकिरी सालपट झालेला असतो आणि त्याला खेटून नवा, पांढरा, टणक कंद बसलेला असतो. पुढच्या पावसाळ्याची सगळी पुंजी त्यात आहे. त्याला जूनपर्यंत पाणी नको, खत नको, स्वेटर नको. बर्फाच्या देशातही झोपलेल्या ऑर्किडला थंडीपेक्षा साचलेली ओलच जास्त मारते, मग आपल्याकडे थंडीला कशाला नावं ठेवायची?

म्हणजे हिवाळ्यातली कृती एवढीच: काही करू नये. डोंबिवलीच्या वन बीएचकेत हे सर्वांत अवघड काम आहे.

रिकामी कुंडी या घरात कुणाला बघवत नाही. सासूबाई सकाळी तुळशीला पाणी घालतात. तांब्यात चार घोट उरतात, ते मोरीत ओतणं जिवावर येतं, म्हणून शेजारच्या कुंडीत जातात. तांदळाचं धुवण येतं, ‘पौष्टिक असतं गं ते’ म्हणून. आठवडाभराने त्यात लसणीच्या दोन पाकळ्या टोचलेल्या सापडतात. कंद हाताला मऊ लागला आणि वास आला, की कुजला. म्हणून कुंडी तुळशीपासून लांब, ग्रिलच्या वरच्या फळीवर ठेवावी. ‘पाणी घालू नये’ अशी पाटी लावण्यात अर्थ नाही, ती फक्त तुमच्यासाठी लावली आहे असा घरात समज असतो.

मार्चपासून वरच्या मजल्यावरच्या एसीची नळी ठिबकू लागते, तेव्हा जागा पुन्हा बदला. अवकाळी पावसावरही नजर हवी. 2014 च्या जानेवारीत इथे पाऊस पडला होता आणि तोही हिरवा. आमरीला हिरव्या पाण्याचं काय वाटतं, यावर सांतापाव काही लिहून गेलेले नाहीत.

मधेच उकरून बघू नये. जूनच्या पहिल्या दोन-तीन दणदणीत सरींनंतर कुंडी पावसात सरकवावी. जुलै संपेपर्यंत कोंब आला नाही, तर कंद गेला. पुढच्या खेपेला नर्सरीतून स्पॅथोग्लॉटिस नावाची आमरी आणा. जांभळी फुलं येतात, बाराही महिने हिरवी राहते आणि तांब्यातलं उरलेलं पाणी आनंदाने पिते. घरात तुळस आणि सासूबाई दोन्ही असतील, तर पहिल्याच खेपेला तीच आणा.